एक्सरेत न दिसलेलं दुखणं

मालवणच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्सरे खिडकीकडे धरला आणि म्हणाले, "हाड अगदी स्वच्छ आहे." मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, ह्यांचं सोंग सापडलं.

माझे यजमान मिठबावात माडांवर चढून नारळ पाडायचे. दिवसाला पंचवीस-तीस माड. दिवाळीनंतर गुडघा दुखतो म्हणू लागले आणि महिन्याभरात चढणंच सोडलं. बाजारात मात्र ताठ चालत जायचे. दुखायचं ते उकिडवं बसताना, पायऱ्या उतरताना. मी अंगणवाडी सेविका, पोटदुखीची सोंगं रोज बघते. त्यात मोठ्या दिरांनी मुंबईत वॉचमनची नोकरी बघून ठेवलेली. गुडघ्याचं निमित्त करून हे गाव सोडणार, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

डॉक्टरांनी गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या टोकाला अंगठा दाबला. हे टेबलावरून अर्धे उठले. तरी मी ह्यांचं तोंड निरखत होते, खरंच की काय म्हणून.

"ह्याला पटेलर टेंडिनोपथी म्हणतात," डॉक्टर म्हणाले. वाटीपासून नडगीच्या हाडापर्यंत एक चिवट पट्टा असतो, तो टेंडन. रोजच्या चढण्याच्या ताणाने तो आतून बिघडतो, आणि एक्सरेत तो दिसत नाही. इंजेक्शन नको, नुसतं पडून राहणंही नको, असं त्यांनी सांगितलं. उतरत्या फळीवर उभं राहून दुखऱ्या पायावर गुडघा वाकवत सावकाश खाली जायचं, चांगल्या पायाने वर यायचं. थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलं तर व्यायाम कमी करायचा. तीन महिने तरी लागतील.

गोळी नाही, सुई नाही, फळी. मला आता डॉक्टरांचाही संशय आला.

सुताराकडून फळी आणली. दोन-तीन दिवस पडवीत व्यायाम झाला, मी भांडी घासता घासता बघायची. मग फळी दिसेनाशी झाली, आणि हे रोज दुपारी पिशवी घेऊन बाहेर पडू लागले. विचारलं तर म्हणायचे, जरा समुद्राकडे. माझी खात्रीच झाली, नाक्यावरच्या बूथवरून मुंबईला फोन चाललेत.

एका दुपारी मी मागोमाग गेले. हे बूथ ओलांडून सरळ किनाऱ्यावर उतरले. होड्या ठेवायच्या मांगराआड, त्या खोपीमागे, जाऊन पाहिलं तर फळीवर उभे होते, एका हाताने खांब धरून, आकडे मोजत. सदरा घामाने भिजलेला.

"तुमी हयसर कित्याक करतास?" मी विचारलं. घर सोडून इथे का?

चांगल्या पायावर हे वर आले. मग म्हणाले, "घराकडे तू बगतंस गो. फोटोत काय नाय म्हटल्यावर माकाच वाटाक लागला, मी सोंग करतंय काय."

नोकरीचं विचारलं. ती नको म्हणून त्यांनी भावाला केव्हाच कळवलं होतं. मला खरं वाटणार नाही, म्हणून सांगितलं नव्हतं.

मी तिथेच वाळूत बसले आणि पुढचे आकडे मी मोजले. दुसऱ्या दिवसापासून फळी पडवीत परत आली. तीन महिन्यांचे पाच झाले. आधी ठेंगणे माड, मग उंच. आता दिवसाला दहा-बारा चढतात, जास्त नाही. एखाद्या सकाळी अजून दुखतं.

तुमच्या घरी कुणाचा गुडघा असा दुखत असेल आणि फोटो स्वच्छ आला असेल, तर एवढं लक्षात ठेवा. त्या माणसाला आधीच स्वतःची शंका येत असते. मी तिच्यात माझी भर घातली, आणि दुखऱ्या पायाचा माणूस घर सोडून मांगराआड लपून व्यायाम करायला गेला.