फुकटच्या दोन रात्री

शुक्रवारी सकाळी शेणव्याहून निघताना आईच्या पिशवीत होतं ते असं: दोन किलो झिनी (आमच्याकडचा बारीक तांदूळ), तांदळाचं पीठ, सोललेले वाल, सुकट (वाळवलेला जवळा), चार कांदे, तिखटमिठाच्या पुड्या आणि अ‍ॅल्युमिनियमचा एक टोप. मुक्काम दोनच रात्रींचा. हॉटेल आहे, तिथे सगळं मिळतं, हे मी आठवडाभर घोकत होते. पण त्या हॉटेलात खोलीतच स्वयंपाकघर असतं असं मी एकदा बोलून गेले आणि तिथेच फसले. चूल आहे तर बाहेरचं कशाला खायचं, असं तिचं म्हणणं.

मी रक्त तपासणीच्या मशिनी दुरुस्त करते. लातूर, नांदेड, सांगली, जिथे मशीन बंद पडेल तिथे जायचं आणि रात्री कंपनीने ठरवलेल्या हॉटेलांत झोपायचं. प्रत्येक मुक्कामाचे त्या हॉटेलवाल्यांकडून पॉईंट जमतात. तीन वर्षं ते जमत राहिले आणि या महिनाअखेरीस बाद होणार होते. तेवढ्यात कंपनीने विचारलं, मुंबईच्या ऑफिसात बसून शिकवायचं काम घेणार का? फिरती बंद, रोज संध्याकाळी घरी. सोमवारी उत्तर द्यायचं होतं, हे आईलाही ठाऊक होतं. मला ते काम हवं होतं, पण आईला शेणव्यात एकटी टाकून नाही, आणि आई गेली दोन वर्षं एकच वाक्य म्हणत आली होती, "मला नाय जमायची मुंबई." म्हणून मी पॉईंट खर्चून अंधेरीतल्या हॉटेलात दोन रात्रींची खोली घेतली. बघू तरी, जमते का.

शेणव्याहून जीपने शहापूर, तिथून एसटीने ठाणे. आईने खिडकी पकडली. हॉटेलवाले फुकट का देतात, हे तिला पटत नव्हतं. फुकट ते पौष्टिक, मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली की फुकट कोणी काही देत नाही, कुठेतरी कापून घेतलेलं असतं. ठाण्याला टॅक्सी केली. पुढे दीड तास ती पिशवी मांडीवर घेऊन बसली, डिकीत ठेवू दिली नाही.

हॉटेल म्हणजे सात मजल्यांची साधी इमारत, खाली औषधाचं दुकान आणि एक सलून. काउंटरवरच्या मुलीने माझा नंबर घातला, स्क्रीन बघितला आणि हसून आईला म्हणाली, "आंटी, मॅडम आमच्या खास गेस्ट आहेत. एकशे अडतीस रात्री राहिल्यात आमच्याकडे." मग दोघींना एकेक चॉकलेट दिलं. आईने चॉकलेट पिशवीत टाकलं आणि लिफ्टमध्ये एक शब्द बोलली नाही. लिफ्टला घाबरली असेल, असं मला वाटलं.

खोली पाचव्या मजल्यावर. एक पलंग, एक सोफा, भिंतीला चिकटलेला ओटा, दोन कढया, एक किटली, काचेचा जग. खिडकीतून समोरच्या इमारतीचे एसी दिसत होते. आईने चूल शोधली. चूल नव्हती, इंडक्शन होतं. तिने टोप ठेवला, मी बटण दाबलं, इंडक्शनने तीन वेळा पिपाणी वाजवली आणि गप्प झालं. अ‍ॅल्युमिनियम चालत नाही म्हटल्यावर तिने त्या काळ्या काचेकडे अशी नजर टाकली, की इंडक्शनच्या जागी माणूस असता तर माफी मागून मोकळा झाला असता. शेवटी हॉटेलच्या कढईत भात झाला आणि दुसऱ्या कढईत कांदा घालून सुकट.

सुकटीचा वास दाराखालून बाहेर गेला आणि पाच मिनिटांत दारावर टकटक झाली. आता तक्रार, या तयारीने मी दार उघडलं. बाहेर सफाईवाली बाई होती, हातात टॉवेलांची चळत. तिने आत डोकं घातलं आणि विचारलं, "मावशी, सुकट केलीत काय?" आईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. कुठली गो तू, असं विचारलं. ती मुरबाडकडची निघाली, संगीता नावाची. मग काय, ताट तिसरं लागलं. ड्युटीवर खायला परवानगी नाही म्हणत संगीताने उभ्या उभ्या दोन घास खाल्ले आणि मुरबाडच्या बाजारात सुकट किती महाग झालीय ते सांगून गेली.

जेवण झाल्यावर आईने नळ सोडला, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यायली. खोलीत बाटल्या ठेवलेल्या होत्या, मी त्या दाखवल्या. तिने बघितल्या नाहीत. बाबांची सगळी नोकरी भातसानगरला झाली, मुंबईला पाणी देणाऱ्या धरणाच्या दरवाजांवर. पावसाळ्यात रात्री-बेरात्री बोलावणं यायचं आणि ते रेनकोट चढवून निघायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. "तुझ्या बापानं धाडलेलं पानी," आई म्हणाली, "त्यानं कदी पिलं नाय इथं येऊन." मुंबईला आणखीही धरणांचं पाणी येतं, हे मला माहीत होतं. तरी मीही नळाखाली ओंजळ धरली आणि प्यायले.

त्यानंतर तिने जे केलं ते आमच्या भागातली कुठलीही बाई करेल. धरणाचं पाणी आमच्या डोळ्यांसमोरून मुंबईला जातं आणि आमच्या नळाला उन्हाळ्यात एक दिवसाआड वीस मिनिटं येतं. ते न आलेल्या दिवशी टँकर. त्यामुळे वाहता नळ दिसला की आमच्या बायकांचा हात आपोआप भांड्याकडे जातो. आईने जग भरला, किटली भरली, घासून दोन्ही कढया भरल्या, टोप भरला, न्हाणीतली बादली भरली, प्लास्टिकचा मगसुद्धा भरला. ओट्याखाली कचऱ्याचा कोरा डबा सापडला, तो मात्र मी हिसकावून घेतला. मी तिला समजावलं की इथे पाणी चोवीस तास असतं, हसतील लोक. सकाळी चहाला किटली लागेल तेव्हा काय करणार? ती म्हणाली, "नळाचा काय भरोसा गो? नळ तो नळच." मी कपाळाला हात लावला आणि झोपले.

शनिवारी सकाळी साडेसातला नळातून नुसती हवा आली. रस्त्यातली मोठी पाइपलाइन फुटली होती, टाकी रिकामी, दुपारशिवाय पाणी नाही, असं काउंटरवरून फोनवर सांगितलं. आईने फक्त पदर खोचला. कसं कोण जाणे, संगीताला आधी ठाऊक झालं, आणि संगीताला ठाऊक झालं म्हणजे मजल्याला. पहिला आला तो समोरच्या खोलीतला एक गृहस्थ, डोक्यावर शॅम्पूचा फेस, एक डोळा मिटलेला, हातात कॉफीचा मग. मागून अकोल्याच्या एक काकू आल्या. त्यांच्या नवऱ्याचं जवळच्या इस्पितळात ऑपरेशन झालं होतं, त्यांना गोळ्या गिळायला उकळलेलं पाणी हवं होतं. मग आणखी तिघं-चौघं.

सगळे एकदम हात पुढे करायला लागले तसा आईने आवाज लावला. माणसांनी उभं राहायचं नाही, भांडी लावायची. टँकर येतो तेव्हा आमच्याकडे असंच असतं. हंडे-कळशा रांगेत उभ्या राहतात, माणसं सावलीला बसतात, आणि कोणी कोणाचा हंडा मागे सरकवत नाही. अंधेरीच्या त्या पाचव्या मजल्यावर, गालिच्यावर, कॉफीचे मग, बर्फाचं भांडं, बाळाची बाटली आणि एक फुलदाणी अशी रांग लागली. आईने बाळाची बाटली आणि काकूंचं भांडं पहिलं घेतलं. फेसवाल्या गृहस्थांना तीन मग मिळाले आणि वर सूचना, की वाकून घ्या, मानेवरून ओतू नका, पाणी वाया जातं. ते निमूटपणे वाकले. लोक दारांत बसून चहाबिस्किटं वाटायला लागले. अकोल्याच्या काकू आईचा हात धरून रडल्या, पंधरा दिवस त्या कोणाशी बोलल्याच नव्हत्या म्हणे. मी दारात उभी राहून बघत होते. आई शेणव्यातल्यासारखीच दिसत होती.

दुपारी पाणी आलं. मी चहा केला. आई सोफ्यावर बसली आणि तिने पिशवीतून ते चॉकलेट काढून माझ्यासमोर ठेवलं.

"एकशे अडतीस," ती म्हणाली. "मला वाटलेलं चाळीस-पन्नास असतील."

मी काहीतरी सारवासारव केली. तीन वर्षांचे आहेत, म्हटलं.

"तू तिकडं झोपलीस तेवढ्या राती मी घरात एकटीच झोपले. तू नसलीस का मी वटीवरचा लाईट चालू ठेवते. सकाळपर्यंत." ती चहाच्या कपाकडे बघत होती. "हे पॉईंट एकटीचे नाय तुझे."

वटी म्हणजे आमच्या घराची ओटी. तिथला दिवा रात्रभर जळतो, बिल वाढतं, यावरून मी तिच्याशी कितीदा भांडले होते. विसरभोळी झालीस, म्हटलं होतं. मला फार लाज वाटली. आई खमकी आहे, बुद्धविहारातल्या बायका येतात-जातात, तिचं छान चाललंय, हे मी स्वतःला तीन वर्षं सांगत आले होते. लिफ्टमध्ये ती घाबरली नव्हती, हेही मला तेव्हा कळलं. मी तिला सॉरी म्हटलं. तिने चॉकलेट मोडून अर्धं मला दिलं.

सोमवारचं तिला मी तेव्हा विचारलं नाही. एवढं ऐकल्यावर विचारणं म्हणजे तिला कोंडीत पकडणं झालं असतं. संध्याकाळी आम्ही वालाचं बिरडं केलं आणि काकूंना वाटीभर दिलं. रविवारी निघताना संगीताने आईला साबणाच्या छोट्या वड्या मूठभर दिल्या. फेसवाले गृहस्थ, आता कोरडे, लिफ्टपर्यंत टोपाची पिशवी घेऊन आले.

परतीच्या एसटीत आई झोपली. मी सोमवारचं उत्तर मनात जुळवत होते. नकार कसा सभ्यपणे द्यायचा, याची वाक्यं तयार केली. फिरती कमी करून मागू, निदान आठवड्याला एकच रात्र. पडघ्याच्या थांब्यावरून कंडक्टर कोणाशी तरी हुज्जत घालत होता, आणि आई त्या गोंगाटातही जागी झाली नाही.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. नळाचा तो दिवस नव्हता. मी हातपाय धुऊन बाहेर आले तर आई माळ्यावरून तांब्याचा मोठा हंडा उतरवत होती, बाबांनी पहिल्या पगारातून घेतलेला. वर्षानुवर्षं वर पडून तो काळा पडला होता. तिने अंगणात बसकण मारली, चिंचेचा कोळ घेतला आणि टँकरचं साठवलेलं पाणी जपून शिंपडत घासायला सुरुवात केली. आता कशाला, आल्या आल्या? मी विचारलं.

"मुंबईला असा काळा न्यायचा काय?" ती म्हणाली. "घर बघशील ते तळमजल्याचं बघ. आन् मी पानी भरून ठेवलं तर हसायचं नाय."

मी तिच्याशेजारी बसले आणि दुसऱ्या बाजूने घासायला लागले. अंधार पडल्यावर वटीवरचा दिवा मीच लावला.