आढीतली कोंबडी

आयुष्यभर ऑफिसात पंख्याखाली बसलेल्या माणसाला रिटायर झाल्यावर एकाएकी वाटायला लागतं, की आपण मुळात शेतकरी आहोत. आमच्या ह्यांना तसं दिवाळीच्या सुमाराला वाटलं. आम्ही राहतो कसबा बावड्याला. पुढच्या बाजूला नव्या बिल्डिंगा, मागच्या बाजूला ऊस आणि मध्ये आमचं घर. घरामागं परडं आहे, त्यात सासूबाईंनी लावलेलं रायवळ आंब्याचं एक झाड. बाकीची जागा मी कर्दळी लावून शोभेला ठेवली होती. ती ह्यांनी उकरली आणि वांगी, दोडका, कोथिंबीर असं सगळं लावलं. एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते.

एक दिवस रंकाळ्याकडं फिरायला म्हणून गेले आणि येताना खोक्यातून पिल्लं घेऊन आले. गुलाबी, हिरवी, निळी. रंग दिलेली.

"अहो, ही काय रंगपंचमी?"

"रंग जातोय गं. आंडी बघ की तू, आंडी. गावठी आंडं बाजारात काय भावानं मिळतंय, ठावं हाय का?"

रंग गेला. पिल्लं वाढली. आणि एकेकाला तुरा फुटायला लागला. सगळे कोंबडे. एकसुद्धा कोंबडी नाही. पहाटे असा गलका करायचे, की समोरच्या बिल्डिंगेतली माणसं गॅलरीत येऊन आमच्या घराकडं बघत उभी राहायची. सूनबाई शाळेत शिक्षिका आहे, बोलणं मोजकं. ती चहा गाळता गाळता म्हणाली, "बाबा, अंड्यांचं काय झालं?" ह्यांनी पेपर तोंडापुढं धरला. मग एकेक कोंबडा ज्याला पाहिजे त्याला देऊन टाकला, एक तेवढा ठेवला. आणि गडमुडशिंगीला जाऊन, चार ठिकाणी चौकशी करून, खरीखुरी अंडी देणारी एक तांबडी कोंबडी आणली. तिला आणताना पिशवीतून तिचं डोकं बाहेर ठेवलं होतं, वारा लागावा म्हणून. मला लग्न करून आणलं तेव्हा एवढी काळजी घेतलेली माझ्या तरी ध्यानात नाही.

आता आंब्याचं सांगते. ते झाड आंबट. रसाला चालत नाही, कापून खावं तर दातात दोरे. पण त्याची आंबापोळी अशी होते, की बाजारची हापूसची पोळी त्याच्यापुढं नुसती गोड. सासूबाई करायच्या, त्यांच्यामागं मी करते. आणि दरवर्षी त्यातली पहिली पोळी जाते गडहिंग्लजला, आमच्या आक्कांना. आक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. सत्तरीच्या पुढं वय, पण आवाज असा, की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. सासूबाई शेतात जायच्या तेव्हा ह्यांना काखेला मारून आक्काच फिरायच्या, त्यामुळं हे आजही त्यांच्यापुढं उभे राहिले की हात मागं बांधतात.

शिमग्यानंतर आक्कांना ताप आला. दवाखाना झाला, ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. भात मातीसारखा लागतो, चहा गरम पाण्यासारखा लागतो म्हणायच्या. पोरं काय काय आणून देत होती, सुना करून करून दमल्या. आक्का दोन घास खाऊन ताट सारायच्या. अंग निम्मं झालं होतं. हे भेटून आले ते दोन दिवस नुसते वांग्याला पाणी घालत बसले. मग एका सकाळी आक्कांचा फोन आला. पूर्वीसारखा आवाज नव्हता, कानाला लावून ऐकावं लागलं.

"आईच्या झाडाची पोळी तेवढी लावून दे बघ. ती लागली तर लागंल जिभंला."

आणि नेमकं यंदा झाडानं दगा दिला. मोहोर आला तो धुक्यानं झडला. राहिलेले आंबे एका पाटीत मावले. तेवढेच. हे स्वतः काठीच्या झेल्यानं उतरवायला चढले, खालून सूनबाई शिडी धरून, मी देवाचं नाव धरून. मागच्या खोलीत भाताचं पिंजर पसरून मी आढी घातली. पिंजराचा थर, आंब्यांचा थर, वर पुन्हा पिंजर, त्यावर पोतं.

आढीची आमच्या घरात एक रीत आहे. सासूबाईंची. वास येईपर्यंत आढीला हात लावायचा नाही. रोज उघडून, दाबून, "पिकला का, पिकला का" करणाऱ्याच्या हातानं आंबा पिकत नाही, कुजतो, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मी ह्यांना बजावलं, "तिकडं फिरकायचं न्हाय." आणि मीही फिरकले नाही. खोलीची खिडकी वारा खेळावा म्हणून उघडी ठेवली, एवढंच.

इकडं कोंबडीची अंडी बंद झाली. हे हवालदिल. खुराड्यात वाकून वाकून कंबर धरली.

"कोण तरी आंडी न्हेतंय बघ. मुंगूस असंल."

"न्हायतर समोरचे. कोंबड्यांच्या गलक्याचा सूड."

"चेष्टा नको करू. रोज ओरडती, म्हंजे घालती. मग जातंय कुटं?"

दोन दिवस हे परड्यात खुर्ची टाकून मुंगसावर पाळत ठेवून होते. हातात काठी, डोक्याला टॉवेल. तेवढ्यात पेंग आली की कोंबडी कोथिंबिरीचा वाफा उकरून यायची. मग एके दिवशी कोंबडीच दिसेनाशी झाली. हे उसापर्यंत हाका मारत गेले. कोंबडीला नाव नाही, त्यामुळं नुसतं "आ आ आ" करत. रस्त्यावरनं जाणारे लोक बघत होते.

त्याच दुपारी मला आंब्याचा वास आला. म्हटलं झालं, आढी उघडायची वेळ झाली. मागच्या खोलीत गेले, पोत्याचं टोक उचललं आणि आतनं कुणीतरी "खर्रर्र" केलं. मी किंचाळले. सूनबाई झाडू घेऊन धावत आली. बघतो तर तांबडी कोंबडी आढीच्या मधोमध पिसं फुलवून बसलेली, पोटाखाली अंडी, अंड्यांखाली आमचे आंबे. खिडकीतनं रोज येऊन बाई तिथं अंडी घालत होत्या आणि आता खुडूक होऊन उबवायला बसल्या होत्या. अंधार, ऊब, मऊ पिंजर. मलासुद्धा कुणी एवढी सोय केली असती तर मी उठले नसते.

हे आले. मला वाटलं, डोक्याला हात लावतील. तर चेहरा असा उजळला, की घरात बाळंतीण आली जणू.

"हलवायचं न्हाय हं तिला! खुडूक कोंबडीची जागा बदलली की ती उठती. आंडी गार पडत्यात."

"आणि आंबे? ते पिकलेत. दोन दिवसांत नासतील."

"मग थोडी कळ काढ की."

"कळ मी काढते हो. आक्कांनी किती काढायची?"

हे उंबऱ्यात बसून एकदा कोंबडीकडं बघायचे, एकदा आंब्यांकडं. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. महिनाभर बहिणीच्या पोळीसाठी जीव टाकणारा माणूस, आणि आयुष्यात पहिल्यांदा ह्याच्या हातचं काहीतरी अंड्यातनं बाहेर यायला निघालेलं. वर आणखी एक भानगड होतीच. आक्का माळकरी. आमच्या घरात ज्या कढईत अंडं शिजतं ती कढई त्यांना दिसली तरी त्या पाणी घेत नाहीत. त्यांच्या पोळीच्या आंब्यावर कोंबडी बसली म्हटल्यावर काय?

सूनबाई हळूच म्हणाली, "आत्यांना सांगायचंच कशाला?"

आम्ही दोघांनी एकदमच तिच्याकडं बघितलं. नवी आहे बिचारी. आक्कांना फसवून दाखवेल असा माणूस आमच्या घराण्यात अजून जन्माला यायचाय.

आधी आंबे तर बाहेर काढू, असं ठरलं. खुडूक कोंबडी दिवसातनं एकदा उठते. चरून, धुळीत लोळून पुन्हा बसते. तेवढ्या वेळात काम उरकायचं. पण आंबे काढले की अंडी खाली घरंगळणार. मी म्हटलं, एक आंबा काढायचा, त्या जागी एक बटाटा ठेवायचा.

"बटाटा गार लागंल की गं तिला," हे.

"मग तव्यावर गरम करून देऊ का? वर जिरं-मोहरीची फोडणी?"

दुपारी बाई उठल्या. हे परड्यात ज्वारीचे दाणे टाकत तिला बोलण्यात गुंतवून ठेवायला उभे. खरंच बोलत होते हो, मी ऐकलं. "खा बाई, सावकाश खा, घाई न्हाय." आत मी आंबा काढतेय, सूनबाई बटाटा सरकवतेय, अंड्याला धक्का लागू नये म्हणून दोघी श्वास धरून. तेवढ्यात बाहेरनं हाक, "आली, आली, आली!" आम्ही पळालो. कोंबडी आली, जरा थबकली, मान वाकडी करून बटाट्याकडं बघितलं आणि बसली. हे म्हणाले, "बघ, किती समजूतदार हाय." मला उद्देशून होतं ते, कळलं मला.

दोन दुपारी लागल्या. काही आंबे फुटले होते, ते गेले. उरले ते पाणी बदलून बदलून धुतले आणि पुसून ताटात मांडले. मग मी फोन लावला. हे शेजारी उभे, हात मागं बांधून.

सगळं सांगितलं. आढी, कोंबडी, बटाटे, काही ठेवलं नाही.

मग आक्का म्हणाल्या, "तुझा नवरा हाय का तिथं जवळ?"

"आहे."

"ह्यानं तुला कधी सांगितलं न्हाय व्हय गं? ल्हानपणी ह्यो स्वताच बसला हुता आढीत, आंडी घिऊन! कोंबडी उठली म्हणून ह्यो उबवत बसला. मी शोधत्या गावभर. आंडी फुटली, आंबं फुटलं, चड्डी सगळी पिवळी. आईनं हाणला, आणि उरलेलं आंबं धुऊन पोळी केली. खाल्ली की आमी सगळ्यांनी! ह्येच्या बुडाखालचं चाललं, कोंबडी तर बिचारी पाखरू हाय."

फोन आपोआप कानापासून लांब गेला. आवाज परत आला होता. सूनबाई भिंतीकडं तोंड करून हसत होती. हे म्हणाले, "आक्काला ताप चढलाय परत, काही पण बोलती," आणि परड्यात निघून गेले.

पोळी मी अशी जपून कधी केली नव्हती. रस काढला, गाळला, जरासा गूळ घातला, तूप लावलेल्या ताटात पसरला. गच्चीवर उन्हात, वर मलमलचं कापड. एक थर वाळला की त्यावर दुसरा. हे ताटाशेजारी छत्री उघडून बसायचे, कावळ्यांसाठी. सूनबाईनं फोटो काढला, तो ह्यांनी अजून पुसू दिलेला नाही, कारण त्यात रुबाबदार दिसतात म्हणे. आंबेच थोडे, त्यामुळं पोळी झाली एकच. घरात चाखायलासुद्धा ठेवली नाही. ताटाला चिकटलेलं तेवढं मी खरवडून खाल्लं, ते मोजायचं नाही.

मध्येच आभाळ भरून यायचं, त्यामुळं पोळी वाळायला तीन आठवडे लागले, तोवर अंडी फुटली. बटाट्यांच्या मधनं एकेक पिल्लू बाहेर आलं, रंग न दिलेलं. हे त्यांच्यापुढं उकिडवे बसून होते. जेवायला चार हाका माराव्या लागल्या.

मग आम्ही दोघं एसटीनं गडहिंग्लजला गेलो. पोळीचा डबा ह्यांच्या मांडीवर, वाटेत कुणाला धरायला दिला नाही. आक्का खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. मनगटं काड्यांसारखी झाली होती. ह्यांनी डबा उघडला, एक तुकडा तोडून त्यांच्या हातात दिला. आक्कांनी आधी वास घेतला.

"कोंबडीचा येतोय," म्हणाल्या.

"आक्का!" हे रडकुंडीला.

दात नाहीत, त्यामुळं तुकडा त्यांनी जिभेवर ठेवून नुसता घोळवला. डोळे मिटले. खोलीत सुना उभ्या होत्या. हे आक्कांच्या तोंडाकडं असे बघत होते, की चाळीस वर्षं संसार केला, पण असा चेहरा मी कधी बघितला नव्हता. बराच वेळ गेला. मग आक्कांच्या कपाळाला आठी पडली, एक डोळा बारीक झाला.

"आंबट हाय," म्हणाल्या.

थोरल्या सुनेनं पदर तोंडाला लावला. ह्यांनी मागं बांधलेले हात सोडले आणि तिथंच खाटेच्या कडेवर बसले.

आक्कांनी हात पुढं केला. "बसतुयास काय नुसता? आनिक दे की. आणि सावकाश बस रं, तुला बसायची सवय वाईट."