सरळ रेघेची ठिणगी

घाटकोपरला, असल्फ्याच्या चढावर, अंबादासचं लेथचं दुकान आहे. आठ बाय दहाचं. विसाव्या वर्षी जालन्याहून आला, कारखान्यात टर्नर झाला. कारखाना बंद पडला तसं हे दुकान मांडलं. बाजारात न मिळणारी हत्यारं करून घ्यायला गॅरेजवाले त्याच्याकडे येतात. गाडीच्या शॉकअपवरची स्प्रिंग दाबून धरणारा क्लॅम्प ही त्याची खासियत: आटे पाडलेल्या दोन दांड्या, त्यांच्या टोकांना स्प्रिंगचे वेढे पकडणारे आकडे. नट आवळत जावं तशी स्प्रिंग आखडत जाते. जुन्या गाड्यांच्या जाड स्प्रिंगला बाजारातले आकडे बसत नाहीत, अंबादासचे बसतात. आखडलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचा जबडा घेऊन जाते. म्हणून दांडी पोलादाचीच हवी.

पोलाद ओळखायची त्याची रीत सोपी. भंगारातली दांडी ग्राइंडरला टेकवायची आणि ठिणग्या बघायच्या. पोलादाची ठिणगी टोकाला फुटते, फुलबाजीसारखी. नरम लोखंडाची सरळ रेघेत जाते आणि विझते. चाळीस वर्षांत तो यात चुकला नव्हता.

मग मोतीबिंदू झाला. बायको, शकु, वर्षभर डोकं फोडत होती. "अहो, भातातला खडा दिसंना तुम्हाला. दवाखान्यात चला."

"मी हाताने काम करतो, डोळ्यांनी नाही."

असली वाक्यं ऐकून घेण्यात बायकांचा निम्मा जन्म जातो. शेवटी जिन्यावरून घसरून पडला, तेव्हा कुठे ऑपरेशनला तयार झाला.

बरा होऊन दुकानात आला त्या सकाळी त्याने एका दांडीचा उरलेला तुकडा सहज ग्राइंडरला टेकवला. ठिणग्या सरळ गेल्या. तुकडा फिरवून पुन्हा टेकवला. सरळच.

अंबादास स्टुलावर बसला. मोतीबिंदूच्या डोळ्यांना रस्त्यावरचा दिवासुद्धा फुटलेला, काटेरी दिसायचा. मग ठिणगी कशी दिसली असेल? याच दांडीचा क्लॅम्प त्याने दोन महिन्यांपूर्वी गोरेगावच्या नंदाला दिला होता.

नंदा कोकणातली, गिरणीकामगाराची मुलगी. गॅरेज एकटी चालवते. काम करताना फोन खणात टाकायची तिची सवय. अंबादासने अकरा वेळा लावला. मग मेट्रोने अंधेरी, तिथून रिक्षा. सिग्नलला रिक्षा थांबली की त्याला नंदाचा चेहरा दिसे, हनुवटीवर तीळ असलेला, स्प्रिंगवर वाकलेला.

तो पोचला तेव्हा ती तशीच वाकलेली होती. स्प्रिंग क्लॅम्पमध्ये पूर्ण आवळून जमिनीवर उभी, आणि ती उचलायला नंदाने हात पुढे केला होता.

"नंदे, हात काढ. मागे हो. हळू."

"काय झालं काका? भूत बघितल्यासारखे दिसताय."

"दांडी नरम आहे. माझी चूक."

नंदाने हात काढला. मग तिनेही पाहिलं: डाव्या नटाखाली चकाकणारा बारीक चुरा पडला होता. आटे खरवडून निघत होते.

"आता?" तिने विचारलं.

"गाडी ओढायची साखळी आण."

अंबादासने एका बाजूने हात घालून साखळी स्प्रिंगच्या वेढ्यांतून ओवली, वरून खालून दोनदा फिरवली, बोल्ट लावला. तिला त्याने खांबामागे उभं केलं. मग तोंड बाजूला वळवून लांब पान्याने नट सैल करू लागला: अर्धा फेरा उजवा, अर्धा फेरा डावा. उजवा. डावा. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसायची हिंमत होईना.

चौथ्या फेऱ्याला डावा नट सरकला. धाडकन आवाज झाला, आकडा पत्र्याच्या भिंतीवर आदळला, साखळी ताणून कडक झाली. स्प्रिंग जागच्या जागी थरथरत राहिली.

नंदा खांबामागून बाहेर आली.

"तुमचं नाव बघून घेतला होता हो मी," नंदा म्हणाली. "बाजारचा स्वस्त मिळत होता."

"मला दिसत नव्हतं. कोणाला सांगितलं नाही."

"वर्षभरात असे किती बनवले?"

अंबादासने बोटांवर मोजले. "तुझा धरून सात."

नंदाने खणातून फोन काढला. मेकॅनिकांच्या ग्रुपवर घालते म्हणाली. "तुमचं नाव घालू की नको?"

"घाल. अंबादासचा क्लॅम्प वापरू नका, असंच लिही. डोळ्यांचंही लिही."

चाळीस वर्षांचं नाव होतं ते. पण भीतीपुढे नावाचं काय घेऊन बसलात.

चहा येईपर्यंत पाच जणांचं उत्तर आलं. बाजूला ठेवला, ठेवला, वापरलाच नाही. एकाने शिवी दिली, ती अंबादासने दोनदा वाचली. राहिला मुलुंडचा मधुकर. संदेश पोचला होता, वाचलेला नव्हता. फोन वाजत होता, उचलत नव्हता.

"जेवायला गेला असेल," नंदा म्हणाली.

"सकाळी तूही उचलत नव्हतीस."

तो उठला. चहा तसाच राहिला. नंदाने स्प्रिंगकडे पाहिलं, मग कोपऱ्यातून दुसरी साखळी ओढून पिशवीत भरली आणि त्याच्या हातात दिली.

"रिक्षा थांबवते. बोल्ट पिशवीतच आहे."