धवला चालू असताना

बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवायला जायचं ठरवलं तेव्हा माझ्याकडे प्रश्नांना तोटा नव्हता. हळदीहून घरी सोडायला कोण येणार, टेम्पोवर मी कुठे बसायचं, कपडे बदलायला जागा असते का, कोणी पिऊन आला तर त्याला वाजवू देता का. आमच्या खाडीकाठच्या गावांत लग्न म्हणजे हळद आणि हळद म्हणजे बेंजो, पण त्या टेम्पोवर बाईमाणूस कोणी पाहिलेलं नव्हतं. आई यातलंच काहीतरी विचारायला लावेल असं मला वाटलं होतं. ती मिठागरावर वाढलेली, सरळ बोलणारी बाई. वाल सोलता सोलता म्हणाली, "त्यांना येकच इचार, बाय. धवला चालू असला की तुमी थांबताव का?"

माझी आई धवलारीण. हळद लावताना देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन लग्नाला बोलावतात, ती गाणी म्हणजे धवले, आणि ती गाणारी ती धवलारीण. पूर्वी तिचं गाणं संपेपर्यंत अख्खं अंगण गप्प बसायचं म्हणे. मी मात्र तिला कायम स्पीकरच्या भिंतीशेजारी नुसते ओठ हलवताना पाहिलं. ऐकू जायचं ते फक्त पाटावरच्या नवरदेवाला, आणि तेही त्याचं लक्ष असलं तर. मला याचा मनस्वी राग यायचा. तरी बेंजो सुरू झाला की सगळ्यांत आधी पाय माझेच हलायचे.

पार्टीचा मुख्य म्हणजे दिवसा ट्रक चालवणारा आणि लग्नसराईत बेंजोवर बसणारा एक शांत माणूस. माझे सगळे प्रश्न त्याने मान हलवत ऐकले. शेवटचा ऐकून डोकं खाजवलं. मधेच थांबलं की पोरं ओरडतात, म्हणाला. नाही थांबलात तर मी येत नाही, असं मी तोंडावर सांगून टाकलं. त्याचा आधीचा कीबोर्डवाला नोकरीसाठी परगावी गेला होता, त्यामुळे माझी ऐट खपली.

"बरं, थांबू," तो म्हणाला. "तुजी आयस हाय म्हनून."

पहिलीच हळद निघाली ती आईच धवलारीण असलेल्या घरची. दिवेलागणीला नवरदेव पाटावर बसला, आईने हळदीत बोटं बुडवली आणि मुख्याने हात वर केला. बाजा थांबला. मांडवातल्या पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. पोरं ओरडली नाहीत, बिचारी गोंधळून इकडेतिकडे बघत राहिली. म्हाताऱ्या बायका पुढे सरकून बसल्या. मी टेम्पोवर बसल्या बसल्या इतकी फुगले होते की विचारू नका.

आईने गणपतीला बोलावलं, गावदेवीला बोलावलं. आवाज सुरेख लागला होता. मग घरातली गेलेली माणसं बोलवायची, तिथे ती अडली. गावदेवीला पुन्हा बोलावलं आणि पुन्हा तिथेच अडली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. कितीतरी लग्नांत ती तेवढंच गात आली होती. पुढचं कोणाला ऐकूच जात नाही म्हणून गाणं सोडून नुसते ओठ हलवायची, आणि तसं करता करता पुढचं निघून गेलं होतं. नवरदेवाची आजी तिच्या तोंडाकडे बघत होती, आता आपल्या माणसाचं नाव येईल म्हणून. आईने तिच्याकडे बघायचं टाळलं. टेम्पोच्या दिशेने हात हलवून तिने वाजवा म्हणून खूण केली. मुख्याने माझ्याकडे पाहिलं. मी सूर धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परसात मासे साफ करत होती. मी जवळ जाऊन बसले. तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं म्हणून शब्द जुळवत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "त्यांना सांग, इतक्यात थांबू नका. मना जरा आठवू दे. तवर जोरान वाजवा."