दोनशे तीसपर्यंतचे आकडे

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ऑक्सिजनच्या मशीनशिवाय दम पुरत नव्हता. त्या दुपारी नाचणगावातली लाइन गेली आणि मशीन बंद पडलं. दारातला जनरेटरही बिघडलेला. त्याच दिवशी भासरे, माझे मोठे दीर, बोरगाव मेघेहून त्याचा व्होल्टेज सांभाळणारा नवा रेग्युलेटर घेऊन आले होते. ते घाईनं तो बसवू लागले.

जनरेटरची कामं आमचे हे करायचे. ते होते तोवर मीटर माझ्या हातात असायचा. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण आकडे नीट वाचता येतात. दोन बारीक वायरींवरून रेग्युलेटरला बाहेरचं व्होल्टेज कळतं, हे त्यांनीच सांगितलं होतं. त्यातली एक सुटली, तर बाहेर काहीच नाही असं समजून तो व्होल्टेज वाढवतच जातो.

"यात काय एवढं? आहेच किती वायरी!" भासरे म्हणाले. मी डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी होते. एक बारीक वायर स्क्रूखाली बसलीच नव्हती. मला ती दिसली. पण लग्नापासून मी भासऱ्यांसमोर कधी बोलले नव्हते. आमच्याकडे तशी रीतच.

त्यांनी इंजिन सुरू करायचं हँडल हातात घेतलं, तशी मी आत धावले आणि मशीनचा प्लग उपसला.

"प्लग काऊन काढला? आईले दम लागून राह्यला, दिसत नाई का?" ते ओरडले आणि हँडल मारलं.

खोलीतला बल्ब लख्ख पांढरा पेटला आणि फुटला. त्यांनी घाईनं इंजिन बंद केलं. मग फक्त आत्याबाईंचा श्वास ऐकू येत होता. ओठ काळेनिळे झाले होते.

मी बाहेर येऊन त्या वायरीवर बोट ठेवलं. त्यांनी ती स्क्रूखाली घट्ट बसवली. व्होल्टेज कमीपासून सुरू व्हावं म्हणून रेग्युलेटरवरचा बारीक स्क्रू आधी पूर्ण मागे फिरवायचा, हे मी हातानं दाखवलं. मग मीटरच्या तारा आतल्या बोर्डात घातल्या. इंजिन पुन्हा सुरू झालं आणि भासरे बाहेर तो स्क्रू हळूहळू पुढे फिरवू लागले. मीटर आत माझ्याकडे होता; आता आकडे तर सांगावेच लागणार होते.

"एकशे साठ."

"आयकू नाई येत! जोरानं सांगा!"

"एकशे नव्वद! दोनशे दहा! हळू... दोनशे तीस! बस!"

मी प्लग लावला. आत्याबाईंच्या ओठांवर रंग यायला फार वेळ लागला. माझ्यामुळं मशीन वाचलं, असं भासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. मला ते ऐकवत नव्हतं. मी आधीच बोलले असते, तर आत्याबाईंना तेवढा वेळ तडफडावं लागलं नसतं.

संध्याकाळी आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"तुले वायर पहिलेच दिसली होती ना?"

मी मान डोलावली.

"मंग बोलत जाय न, माय."

भासरे समोरच चहा घेत बसले होते.

"हो," मी म्हणाले. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.