चिराग्यांची भावकी

नवा माणूस समोर आला की आमचा चिरागे आधी त्याचं आडनाव विचारायचा, मग आईचं माहेर, मग बहिणीचं सासर, आणि शेवटी मान तिरकी करून म्हणायचा, "तुमच्याकडं कुणी चिरागे हाय का हो?"

नांदेडच्या पोस्टात आम्ही शेजारी बसून टपाल निवडायचो. माझी नजर पिनकोडवर, त्याची आडनावांवर, कुठं दुसरा चिरागे सापडतो का ते बघत. तुमच्याआमच्यासारखे पवार-जाधव ढिगानं असतात, आपल्याला ते दुखणं कळायचं नाही. आपले पूर्वज निजामाच्याही आधी कंधारच्या किल्ल्यात चिराग लावायचे, असं तो छातीठोक सांगे. पुरावा मागितला की म्हणे, "मी हाय की." आम्ही हसायचो.

खरं तर ते हसण्यासारखं नव्हतं. आपल्याकडं मयत झालं की भावकी सुतक धरते, दहाव्याला केस उतरवते. वडिलांच्या दहाव्याला हा एकटाच बसला होता. पोटी एक मुलगी. "माझं सुतक कोण धरंल?" असं तो चहा पिता पिता विचारायचा, साखर मागावी तितक्या सहज.

एकदा आधार कार्डाच्या पाकिटावर त्याला देगलूरकडचे एक चिरागे सापडले. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून, पेढे घेऊन गेला. सोमवारी पुडा तसाच परत आला. तिथल्या म्हाताऱ्यानं उंबऱ्यावरच विचारलं होतं, "शेताची वाटणी मागायला आलास का?"

"न्हाई हो. नुसतं भावकी म्हणा."

"आज भावकी म्हणलं की उद्या सातबारा."

पेढे आम्ही पोस्टात खाल्ले. कुणाला गोड लागले नाहीत.

पुढं एकदा तो रजेवरून आला तो डोक्याचा गोटा करून. मी घाबरून विचारलं, "कोण गेलं?"

"देगलूरचे काका. तिकडच्या पोस्टमननं सांगितलं. सुतक धरलं मी घरीच." मग आवाज बारीक करून म्हणाला, "कुणाला बोलू नका. त्यांना वाटंल, वाटणीसाठी केलं."

गेल्या वर्षी तो गेला. मी देगलूरला फोन लावला. म्हाताऱ्याचा मुलगा नीट बोलला. "वाईट झालं. पण ते आमचे कुणी लागत न्हाईत." मला त्याचा संताप आला, तो अजून गेलेला नाही.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर मुलीनंच पिंड ठेवले. न्हाव्यानं विचारलं, "भावकीतले कोण कोण बसणार?"

आम्ही पोस्टातले सगळे उभे होतो. इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसलो, पण दोस्तांना सुतक लागत नाही. मुलगी पाण्याकडं बघत होती. न्हावी वाटीतलं पाणी पायरीवर ओतून पलीकडच्या मयतीच्या माणसांकडं गेला. तिथं ओळीनं डोकी वाकवून सगळी भावकी बसली होती.