दोन चिन्हांमधली मोकळी जागा

हेब्बाळच्या एका खासगी तपासणी केंद्राची ती तक्रार मी आजही विसरलेलो नाही. व्यवस्थापक सकाळीच माझ्या पोलीस ठाण्यात आले. नोकरी सोडलेल्या तंत्रज्ञ बाईंनी जाता जाता रुग्णांचे सगळे स्कॅन पुसले, असा आरोप. बाईंच्या एका सहकाऱ्याने फोनवर खबरही दिली: बाईंच्या पर्समध्ये पेनड्राइव्ह आहे.

बाईंना बोलावले. मूळच्या निपाणीच्या. सोमवारी बेळ्ळंदूरला नव्या नोकरीवर हजर व्हायचे होते; गुन्हा दाखल झाला असता तर ती नोकरी गेलीच असती. पेनड्राइव्हमध्ये निघाला नुसता बायोडाटा.

"साहेब, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मीच स्कॅन उघडून डॉक्टरांना दाखवत होते. पुसले असते तर काय दाखवलं असतं, भिंत?"

"शनिवारी गायब झाले," व्यवस्थापक म्हणाले.

"शनिवारी तुम्ही काय केलंत?" मी विचारले.

"काही नाही. नेहमीप्रमाणे यांचं लॉगिन बंद केलं."

केंद्रात जाऊन पंचांसमोर ते लॉगिन चालू करायला लावले. सगळे स्कॅन पडद्यावर!

"बघा, लपवले होते!" व्यवस्थापक म्हणाले.

"स्वल्प, जरासं थांबा," मी म्हणालो आणि प्रोग्रॅमची सेटिंग उघडायला लावली. स्कॅन कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायचे त्याचा पत्ता तिथे होता. त्यात मधेच, टक्केवारीच्या दोन चिन्हांमध्ये, 'यूजरनेम'. मी वाणिज्य शाखेचा. पण घरातला पहिला पदवीधर, त्यामुळे अख्ख्या गल्लीचे अर्ज मीच भरलेले. 'मी, खाली सही करणार' असे छापलेले असते. ज्याची सही, तो 'मी'. ही तशीच मोकळी जागा होती. जो लॉगिन करेल त्याचे नाव तिथे बसायचे आणि प्रोग्रॅम त्याच्याच फोल्डरमध्ये शोधायचा. बाईंचे स्कॅन बाईंच्या फोल्डरमध्ये सुरक्षित होते. व्यवस्थापक स्वतःच्या रिकाम्या फोल्डरमध्ये डोकावत होते.

खात्रीसाठी आमच्या हवालदाराच्या नावाने लॉगिन काढून एक स्कॅन ठेवला. तो बरोबर हवालदाराच्या फोल्डरमध्ये गेला.

"साहेब, आता मलाही आत टाकणार का?" हवालदार म्हणाला.

"हा पत्ता कोणी लिहिला?" मी विचारले.

"मीच," व्यवस्थापक पुटपुटले. "प्रत्येकाचं काम वेगळं राहावं म्हणून. चुकलं, अक्का."

"तोंडी नको सर, कागदावर द्या," बाई म्हणाल्या.

त्यांनी चूक लिहून दिली. सोमवारी बाई कामावर हजर झाल्या.

तोवर मी संशयितालाच विचारत आलो होतो, त्या दिवशी काय केलंस? पुढे तोच प्रश्न तक्रारदारालाही विचारू लागलो. कितीतरी प्रकरणे मग चहा निवण्याआधी ठाण्यातच मिटली.